विश्लेषण : लढाई आघाडीवर, कपात पिछाडीवर! कुतच्या वेढ्याने भारतीय फौजेला काय शिकवले?

लष्कराची ‘मिलिटरी फार्म’ ३१ मार्च २०२१ रोजी अधिकृतपणे बंद झाली. पहिले फार्म १८८९ मध्ये अलाहाबादला सुरू झाले होते. जवानांना ताजे दूध पुरवणारी ही व्यवस्था १३२ वर्षे चालली. आज कोणत्याही छावणीच्या दारात सहकारी संघाचे पाकीटबंद दूध पोहोचते. मग लष्कराने गायी-म्हशी कशाला पाळायच्या, हा प्रश्न रास्तच होता. मात्र ज्या समितीच्या शिफारशींतून हा निर्णय झाला, तिच्या यादीत दुधाबरोबर टपाल, दुरुस्ती आणि साहित्य पुरवठ्याच्या यंत्रणाही होत्या. शांततेच्या काळात फौजेचा नेमका कोणता भाग कमी करायचा, हा त्यामागचा मूळ प्रश्न. तो शंभर वर्षांहून जुना आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी त्याचे चुकीचे उत्तर दिले गेले आणि त्याची किंमत पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका डिव्हिजनने मोजली. युद्धानंतर उत्तर बदलले. मग पुन्हा कात्री आली. हा सगळा प्रवास समजून घेतला, तर आजच्या निर्णयांकडे कसे पाहायचे हेही कळते.

फौजेची ‘पिछाडी’ म्हणजे काय?

बंदूक, तोफ किंवा रणगाडा चालवणारे सैनिक म्हणजे आघाडी. त्यांना शिधा, पाणी, दारूगोळा, कपडे, इंधन, औषधे पोहोचवणारे, जखमींना उचलून आणणारे, गाड्या दुरुस्त करणारे, पगार आणि पत्रे वेळेवर देणारे म्हणजे पिछाडी. लष्करी भाषेत या दोहोंच्या प्रमाणाला ‘टूथ-टू-टेल रेशो’ म्हणतात. दात म्हणजे लढणारे, शेपूट म्हणजे बाकीचे. नावातच पिछाडी दुय्यम ठरते.

शांततेत हा भेद आणखी ठळक होतो. संचलनात आघाडी दिसते, टाळ्या तिला मिळतात. पिछाडी दिसते ती अंदाजपत्रकातील खर्चाच्या रकान्यात. रिकामी उभी असलेली रुग्णवाहिका, वापर नसलेली बोट, कोठारात पडून असलेला शिधा हे सगळे हिशेबनिसाला उधळपट्टी वाटते. सैन्य पोटावर चालते हे सगळ्यांना पाठ असते, पण काटकसरीची वेळ आली की पहिला चिमटा पोटालाच बसतो.

१९१४ पूर्वी भारतीय सैनिकाचे पोट कोण भरत होते?

उत्तर धक्कादायक वाटेल. शांततेच्या काळात बऱ्याच अंशी सैनिक स्वतःच! पायदळातील साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला ११ रुपये होता. त्यातूनच तो आपले पीठ, डाळ, तूप, मीठ विकत घेई. भाव ठरावीक पातळीच्या वर गेले तर सरकार भरपाई देई, तेवढाच आधार. प्रत्येक पलटणीचा स्वतःचा बाजार असे आणि त्यात पलटणीचा वाणी. शिपाई त्याच्याकडून खरेदी करी आणि त्याचा उधारखाताही तिथेच चाले. मोहिमेवर गेल्यावर मात्र सरकारी शिधा मिळे.

दवाखान्याचीही तीच तऱ्हा. गोऱ्या सैनिकांसाठी मोठी ‘स्टेशन हॉस्पिटल’ होती. भारतीय सैनिकांसाठी प्रत्येक पलटणीचा आपापला छोटा दवाखाना. तिथे ना पुरेशी साधने, ना प्रशिक्षित परिचारक. एखाद्या पलटणीत साथ आली तर शेजारच्या पलटणीच्या दवाखान्याचा उपयोग होईलच असे नाही.

या व्यवस्थेमुळे भारतातील फौज कागदावर फार स्वस्त दिसे. वास्तविक तो खर्च वाचलेला नव्हता. सरकारच्या वहीतून तो सैनिकाच्या ताटात आणि पुढे त्याच्या अंगावर गेला होता.

‘शिलेदार’ पद्धत महायुद्धापर्यंत कशी टिकली?

मराठी वाचकाला शिलेदार आणि बारगीर हे शब्द नवे नाहीत. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार; सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिवाजी महाराजांच्या फौजेत दोन्ही होते, मात्र भर सरकारी पागेवर होता. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, घोड्यांसाठी नालबंद आणि पाण्यासाठी पखालवाला अशी तिची रचना बखरींतून दिसते. म्हणजे लढणाऱ्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर तिची पिछाडीही मोजूनमापून ठेवलेली होती. चिपळूण भागातील छावणीच्या अंमलदारांना लिहिलेल्या त्यांच्या प्रसिद्ध पत्रातही हाच हिशेब आहे. दाणा-चारा आताच उधळला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग रयतेला उपद्रव सुरू होईल, असे त्यात बजावले आहे.

इंग्रजांच्या हिंदी रिसाल्यांनी मात्र दुसरा मार्ग धरला. मद्रासकडच्या तीन रेजिमेंट सोडल्या तर १९१४ मधील घोडदळाच्या जवळपास सगळ्या रेजिमेंट ‘सिलादार’ होत्या. हा आपला शिलेदारच, इंग्रजी उच्चारातला. भरती होताना स्वार अनामत रक्कम भरी. त्या पैशातून रेजिमेंट घोडा, खोगीर, गणवेश आणि बरेचसे सामान जमवी. स्वाराचा पगार पायदळापेक्षा जास्त असे, पण घोड्याचा आणि स्वतःचा खर्च त्यातूनच निघे. सरकार बंदूक आणि दारूगोळा देई.

शांततेत ही पद्धत छान चाले. सरकारला कमी खर्च, स्वाराला प्रतिष्ठा. महायुद्धात मात्र ती कोलमडली. घोडे एका रेजिमेंटच्या फंडातून एकेक करून मिळवायचे असतील, तर महिन्याला शेकडो घोडे मरत असताना ते आणायचे कुठून? प्रत्येक रेजिमेंटचे सामान वेगळे, त्यामुळे एकाची कमतरता दुसऱ्याने भरून काढता येईना. शेवटी घोडे आणि साहित्य सरकारलाच पुरवावे लागले.

कुतमध्ये नेमके काय घडले?

नोव्हेंबर १९१४ मध्ये भारतातून एक फौज इराणी आखाताच्या तोंडाशी फाव येथे उतरली. तिचा गाभा होता सहावी (पूना) डिव्हिजन. त्याच महिन्यात बसरा ताब्यात आले. तिथून पुढे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, रस्ते जवळपास नव्हतेच. रेल्वेही नव्हती. सगळी भिस्त तैग्रिस नदीवर. उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी हाच रस्ता, तोच मालगाडीचा डबा आणि तीच रुग्णवाहिका.

फौज नदीने वर सरकत गेली. बोटींची संख्या त्या मानाने वाढली नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे तेसिफोनला मोठी लढाई झाली. साडेचार हजारांच्या आसपास सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. जखमींना आणायला पुरेशा रुग्णवाहिका नव्हत्या. बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यांतून त्यांना नदीपर्यंत आणले गेले. नंतर माल वाहणाऱ्या उघड्या बोटींवर दाटीवाटीने झोपवून बसऱ्याकडे पाठवले. काही बोटींना पोहोचायला जवळपास दोन आठवडे लागले. बसऱ्यात त्यांतील एक बोट आली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी त्या माणसांची अवस्था पाहिली आणि तशीच्या तशी लिहून काढली. त्याबद्दल वरिष्ठांनी त्यांनाच कारवाईची धमकी दिली. त्यांचे निवेदन पुढे चौकशीत सर्वांत बोचरे ठरले.

मागे हटलेली फौज कुत-अल-अमारा येथे अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. १०३वी महाराठा लाइट इन्फंट्री, ११०वी महाराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी महाराठा या पलटणी आत होत्या. भाजीपाला संपला तसा भारतीय सैनिकांत स्कर्व्ही पसरला. पांढऱ्या मैद्यावर राहिलेल्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरीने गाठले. घोड्याचे मांस खायला अनेक भारतीय सैनिक दीर्घकाळ तयार नव्हते. अखेर सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यांत तीन हजारांहून अधिक बिगरलढाऊ होते : स्वयंपाकी, भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले. कैदेत हजारो मेले. वेढा फोडण्यासाठी निघालेल्या कुमकेची हानी कुतमधील एकूण फौजेपेक्षाही मोठी होती.

दोष कुणाचा ठरला?

लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालील मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती बोशॅम्प डफ आणि मोहिमेचे प्रमुख जनरल निक्सन यांच्यावर त्यात ठपका होता. वैद्यकीय व्यवस्था आणि वाहतूक यांच्या अपयशावर सर्वांत कडक शब्द होते. युद्धापूर्वीच्या सरसकट काटकसरीकडेही आयोगाने बोट दाखवले. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना जुलै १९१७ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी एडविन मॉंटेग्यू आले आणि पुढच्याच महिन्यात भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार शासन देण्याची त्यांची घोषणा झाली. बोटींच्या टंचाईचे धक्के कुठवर पोहोचतात ते असे.

त्याच नदीवर, त्याच फौजेने पुढच्या वर्षभरात काय केले हेही पाहायला हवे. १९१६ मध्ये मोहिमेची सूत्रे लंडनच्या युद्ध खात्याकडे गेली. जनरल मॉड यांच्या काळात बसऱ्यात धक्के बांधले गेले, नदीसाठी बोटी आल्या, छोट्या रेल्वे टाकल्या गेल्या, रुग्णालये उभी राहिली. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. शिपाई तितकेच शूर होते, सेनापती अधिक सावध होता आणि मुख्य म्हणजे पिछाडी जागेवर होती.

युद्धानंतर कोणते बदल झाले?

१९१८ अखेरपर्यंत भारतातून सुमारे १४ लाख माणसे भरती झाली होती. त्यांतील ५ लाख ६० हजारांच्या घरात बिगरलढाऊ होती. एवढ्या मोठ्या यंत्रणेचा अनुभव शांततेत कसा टिकवायचा, हा प्रश्न होता. काही सुधारणा युद्ध चालू असतानाच सुरू झाल्या, काही १९२० मध्ये अहवाल देणाऱ्या एशर समितीनंतर. थोडक्यात त्या अशा :

• शिधा : १९१७ पासून भारतीय सैनिकाला शांततेतही मोफत शिधा मिळू लागला. पलटणीच्या वाण्याचे महत्त्व ओसरले.

• रुग्णालये : १९१८ मध्ये भारतीय सैनिकांसाठीही ‘स्टेशन हॉस्पिटल’ मंजूर झाली. डोलीवाले आणि रुग्णालयातील कर्मचारी यांची वेगवेगळी दले एकत्र करून १९२० मध्ये ‘इंडियन हॉस्पिटल कोअर’ स्थापन झाले.

• घोडदळ : शिलेदार पद्धत मोडीत निघाली. ३९ रेजिमेंटच्या २१ झाल्या. घोडा आणि सामान सरकारचे झाले. शिलेदाराचा बारगीर झाला म्हणा ना!

• पायदळ : १९२२ मध्ये सुट्या पलटणी मोठ्या रेजिमेंटमध्ये गुंफल्या गेल्या आणि प्रत्येक रेजिमेंटला कायमची प्रशिक्षण पलटण मिळाली. पाचव्या महाराठा लाइट इन्फंट्रीत जुन्या ११४व्या महाराठा पलटणीला ही जबाबदारी दिली गेली. आजही मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे.

• रसद आणि साहित्य : १९२२ मध्ये ‘इंडियन आर्मी ऑर्डनन्स कोअर’ झाले. १९२३ मध्ये जुन्या सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअरचे ‘इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर’ झाले. आजचे आर्मी सर्व्हिस कोअर त्याचाच वारस.

यांतला प्रशिक्षण पलटणीचा बदल वरवर किरकोळ वाटतो. युद्धाआधी पलटण आपली भरती आणि प्रशिक्षण स्वतःच करी. मोठी हानी झाली की रिकाम्या जागा भरायला भलत्याच पलटणींतून माणसे आणावी लागत. ना भाषा ओळखीची, ना अधिकारी. कायमच्या प्रशिक्षण पलटणीमुळे मागून येणारा नवा जवान आपल्याच लोकांत येऊ लागला. हेही पिछाडीचेच काम.

शांतता झाली म्हणजे सगळे घरी गेले का?

नाही. युद्धविराम ११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाला. मे १९१९ मध्ये तिसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि सेवामुक्तीची प्रक्रिया अडखळली. १९२० मध्ये इराकमध्ये उठाव झाला. त्यामुळे भारतीय तुकड्या आणि मजूर दले तिथे आणखी अडकली. गावाकडे पीकपाणी, कर्ज आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाने रिकामी झालेली घरे वाट पाहत होती.

परतलेल्यांसाठी काही व्यवस्था उभ्या राहिल्या. भरतीसाठी स्थापन झालेल्या मध्यवर्ती मंडळाचे १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ झाले. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड ते हेच. सातारा, सांगली, रत्नागिरी, कोल्हापुरात माजी सैनिक आणि वीरपत्नी ज्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागदपत्रे घेऊन जातात, त्या साखळीचे मूळ त्या काळात आहे. अपंग सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. ते पुढे खडकीला हलले आणि आजही तिथे आहे. कृत्रिम अवयव बनवणारे पुण्याचे लष्करी केंद्र मात्र त्यानंतरच्या महायुद्धातले, १९४४ चे.

ही सोय सगळ्यांना सारखी नव्हती. पखाल वाहणारा, भांडी घासणारा, खेचर हाकणारा यांचा पगार कमी, गणवेश निकृष्ट, निवृत्तिवेतनाचे नियम कडक होते. त्यांतील बहुतेकांची दले युद्धानंतर बरखास्त झाली. पिछाडीत काम करणाऱ्यांची किंमत सर्वांत कमी, ही समजूत युद्धाने सैल झाली, पण गेली नाही.

मग कपातीची मागणी चुकीची होती का?

अजिबात नाही. आणि इथेच हा विषय गुंतागुंतीचा होतो. भारताच्या लष्करी खर्चावर सर्वांत अभ्यासपूर्ण टीका करणाऱ्यांत पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले होते. १९०२ पासूनच्या त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांतून एक मुद्दा सतत येतो : साम्राज्याच्या गरजांसाठी ठेवलेल्या फौजेचा भार इथल्या गरीब करदात्याने का सोसावा? शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा यांना पैसा का उरत नाही? महायुद्धात भारताने ब्रिटनला १० कोटी पौंडांचे योगदान दिले. युद्धानंतर महागाई भडकली. मार्च १९२१ मध्ये पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात एशर समितीच्या भूमिकेला आव्हान देणारे ठराव मांडले. भारतीय फौज भारताच्या संरक्षणासाठी आहे, साम्राज्याची राखीव फौज म्हणून नव्हे, असा त्यांचा गाभा होता.

त्यामुळे १९२२-२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांची कपात समिती आली, तेव्हा तिने सर्वांत मोठी कात्री लष्करी खर्चावर चालवली यात नवल नव्हते. हा खर्च पुढे ५० कोटी रुपयांपर्यंत खाली आणावा, असे तिचे म्हणणे होते. खर्च कमी व्हायला हवा, हे गोखलेही म्हणाले असते. पण कुठला कमी करायचा, यावर भारतीयांचे मत चालणार नव्हते. भारतात ठेवलेल्या गोऱ्या फौजेची संख्या हा लंडनचा विषय होता. तिला हात लावणे अवघड, नव्या यंत्रांची खरेदी पुढे ढकलणे सोपे. झाले तेच.

त्याचे परिणाम काय झाले?

१९३०च्या दशकाच्या अखेरीस भारतातील फौज आधुनिक युद्धाच्या बरीच मागे पडली होती. घोडदळाच्या यांत्रिकीकरणाला १९३८ मध्ये कुठे सुरुवात झाली. आधुनिकीकरणाशिवाय ही फौज मोठ्या शत्रूपुढे टिकणार नाही, असा निष्कर्ष चॅटफील्ड समितीने १९३९ च्या सुरुवातीला काढला. काही महिन्यांत युद्ध आले. सुमारे दोन लाखांची फौज युद्धाच्या अखेरीस २५ लाखांवर गेली आणि वाहनचालक, मेकॅनिक, डॉक्टर, भांडारपाल घाईघाईने घडवावे लागले.

तरीही १९१४ आणि १९३९ यांत एक फरक होता. या वेळी सैनिकाचा शिधा, रुग्णालय आणि प्रशिक्षण केंद्र यांची चौकट आधीपासून उभी होती. तिला फुगवता आले. नसलेली गोष्ट फुगवता येत नाही. मेसोपोटेमियात बोटी नव्हत्या, म्हणून त्या कमी वेळात वाढवताही आल्या नाहीत. १९२०च्या दशकात काटकसर झाली तरी मोफत शिधा आणि भारतीय सैनिकांची रुग्णालये मागे घेतली गेली नाहीत. कुतमधील माणसांनी मिळवून दिलेली खरी कमाई ती.

आज हा प्रश्न कुठे आहे?

लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर यांच्या समितीने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. लष्कराची लढाऊ क्षमता वाढवणे आणि खर्चाचा समतोल साधणे हा तिचा विषय होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने लष्कराशी संबंधित ६५ शिफारशी अमलात आणण्याचे जाहीर केले. त्यातून सुमारे ५७ हजार पदांची फेररचना होणार होती. मिलिटरी फार्म आणि शांतता क्षेत्रातील काही लष्करी टपाल कार्यालये बंद करणे, दुरुस्ती व साहित्य पुरवठ्याच्या यंत्रणा आटोपशीर करणे, हा त्याचाच भाग.

त्याच वर्षी महालेखापरीक्षक अर्थात ‘कॅग’चा अहवाल संसदेत आला. तपासलेल्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरेसा नव्हता, असे त्यात नमूद होते. ही सप्टेंबर २०१६ ची स्थिती होती. १९९९ मध्ये कारगिल युद्ध चालू असताना दारूगोळ्यासाठी परदेशांत धावाधाव करावी लागली होती. तो धडा सतरा वर्षांनीही पूर्ण गिरवला गेला नव्हता.

साठा नुसता असून भागत नाही, तो सांभाळावाही लागतो. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि आगीशी झुंजणारे अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. देशात तेव्हा कुठेही युद्ध नव्हते. शांतताकालीन प्रशासन म्हणजे फायली आणि शिक्के असा समज असेल, तर पुलगाव आठवावे.

कुठे कापावे, कुठे नाही?

लष्कराचा प्रत्येक विभाग जसाच्या तसा ठेवा, असा या इतिहासाचा अर्थ नाही. त्यातून एक साधी कसोटी मात्र मिळते. युद्ध सुरू झाल्यावरही जी गोष्ट बाजारात मिळत राहील, ती शांततेत बाजारावर सोडायला हरकत नाही. युद्ध सुरू होताच जिचा बाजार बंद होतो किंवा जी तयार व्हायला वर्षे लागतात, ती आधीच राखून ठेवली पाहिजे.

या कसोटीवर दूध पहिल्या गटात बसते. मिलिटरी फार्म बंद झाली म्हणून लढाईच्या दिवशी पुण्यात किंवा अंबाल्यात दूध मिळणार नाही असे होत नाही. तैग्रिसवरच्या उथळ बोटी दुसऱ्या गटातल्या. हव्या तेव्हा त्या विकत मिळाल्याच नाहीत. तोफगोळे, सुटे भाग, युद्धजखमांचा अनुभव असलेले शल्यविशारद, उंच डोंगराळ भागात रसद पोहोचवणाऱ्या तुकड्या, रणगाडा जागेवर दुरुस्त करणारा कुशल हवालदार हे सगळे याच गटातले. कुशल माणूस सेवामुक्त केला की त्याचे पद कागदावर वाचते. त्याच्या हातातली वीस वर्षे वाचत नाहीत.

दुसरी कसोटी आणखी सोपी आहे. एखादी कपात जाहीर झाली की विचारावे, हा खर्च खरेच नाहीसा झाला की दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेला? दुधाच्या फार्मवरचा खर्च बहुधा खरेच वाचला. ११ रुपयांत स्वतःचे पीठ विकत घेणाऱ्या शिपायाच्या काळातली बचत मात्र बचत नव्हती. ती युद्ध सुरू होईपर्यंत सैनिकाच्या नावावर मांडून ठेवलेली उधारी होती आणि तिची वसुली तेसिफोनच्या खटाऱ्यांत, कुतच्या उपासमारीत झाली.

संरक्षणावरचा खर्च तपासणे हा नागरिकांचा हक्क आहे. गोखल्यांनी तो बजावला, तेव्हा त्यांना निर्णयाचा अधिकार नव्हता. आज संसदेला तो आहे. त्यामुळे अंदाजपत्रकावरील चर्चेत नव्या विमानांच्या किमतीइतकाच वेळ दारूगोळ्याचे दिवस, लष्करी रुग्णालयातील रिकाम्या जागा आणि भांडारांच्या सुरक्षेलाही मिळायला हवा. हे आकडे रूक्ष आहेत. पण सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला संध्याकाळी जेवण मिळेल का आणि जखमी झाल्यास तो किती तासांत टेबलावर पोहोचेल, याचे उत्तर त्याच आकड्यांत असते.